बिनधुराचं इंजिन

शेषेरावानं खिशातला पांढरा रुमाल झटकला आणि चालू मोटारीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला, मग अंगणात उभ्या असलेल्या बसवराजच्या नाकासमोर उलगडला. रुमालावर डाग सोडा, ठिपकासुद्धा नव्हता.

"धूर हाय का कुठं?"

बसवराज गावोगाव डिझेल इंजिनं भाड्यानं देणारा माणूस. त्यानं कौतुकानं मान हलवली, पण पुन्हा तेच म्हणाला. विहिरीत इंजिन उतरवायचंच असेल तर सायलेन्सरला वरपर्यंत पाइप जोडा, खाली कोंडलं की माणूस गुंगतो. पाइप लातुरात मिळेल, चार दिवस थांबा.

शेषेरावाला ते झोंबलं. बसवराजची इंजिनं दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकत, काळा धूर ओकत चालायची, आणि तो याच्या इंजिनाला त्यांच्याच रांगेत बसवत होता. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर शेषेरावानं रेणापूरच्या एका डॉक्टरची भंगारात निघालेली पेट्रोलची मोटार बैल जुंपून घरी ओढत आणली होती. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, म्हणत गाव हसलं होतं. दोन वर्षं त्यानं ते इंजिन सुटं केलं, धुतलं, घासलं. व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. पिस्टन भिजवायला घरातली परात घेतली, तेव्हा भाकरीला रॉकेलचा वास येतो म्हणून बायकोनं, तारामतीनं, आठवडाभर अबोला धरला. त्यालाही त्यानं दाद दिली नाही.

आणि आता त्याच इंजिनाची गावाला गरज पडली होती. लातूर जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले होते. आता लोक म्हणत, जिल्हा नवा आला, टँकर तेवढा जुनाच, तोही कधी येईल त्याचा नेम नाही. सात परस खोल विहिरीत सुरुंग लावून लावून शेवटी तळाशी झरा लागला. पण वर ठेवलेला पंप एवढ्या खालून पाणी ओढेना. पंप आणि इंजिन दोन्ही विहिरीच्या आत, पाण्यालगतच्या टप्प्यावर बसवावं लागणार होतं. बसवराजची सगळी इंजिनं बाहेर गेलेली. धाकट्या भावानं, केरबानं, थोरल्याकडं नुसतं बघितलं आणि शेषेरावानं मोटारीचं बॉनेट उघडलं.

मागच्या थंडीत दार लोटून छपरात इंजिन चालवलं तेव्हा शेषेरावाचं डोकं जड होऊन उलटी झाली होती. तारामतीनं त्याचा ठपका उपाशीपोटी घेतलेल्या चहावर ठेवला आणि त्यानंही ते खरं धरलं. बसवराज बोलत असताना त्याला ते आठवलं. पण रुमाल अजून हातात होता, माणसं बघत होती, आणि तो बोलला नाही.

"दादानं हात लावलेली वस्तू दगा देत न्हाई," केरबा म्हणाला. त्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तिपाई लावून, साखळीनं इंजिन टप्प्यावर उतरवलं. शेषेरावाचे गुडघे गेलेले, म्हणून कमरेला दोर बांधून केरबा पायऱ्यांनी खाली गेला. दोर पंप फिरवणाऱ्या पट्ट्यात अडकेल या धास्तीनं त्यानं तो खाली पोचताच सोडून टाकला. इंजिन पहिल्याच हँडलला लागलं. थोड्या वेळानं पाइपानं गुळणी टाकली आणि गढूळ, मग निवळशंख पाणी हौदात पडू लागलं. बायका घागरी घेऊन धावल्या. केरबाची बायको पंचफुला सगळ्यांत पुढं होती, हसत होती. शेषेरावाला इतका आनंद झाला की डोळे पुसायला त्याला पाठ फिरवावी लागली.

"केरबा, रेस कमी कर," त्यानं काठावरून हाक दिली. खालचा आवाज बसला. "आता वाढव." आवाज चढला. दोन भाऊ असे काही वेळ इंजिनातून बोलत राहिले.

हौद भरून वाहू लागला तेव्हा शेषेरावानं बंद कर म्हणून सांगितलं. आवाज तसाच राहिला. त्यानं पुन्हा सांगितलं. मग दोर हलवला, मग एक खडा पाण्यात टाकला. शेवटी तो पोटावर झोपून खाली वाकला. धूर नसल्यामुळं सगळं स्वच्छ दिसत होतं. केरबा पंपाशेजारी कपारीला डोकं टेकून बसला होता, ऐन कामात डुलकी लागावी तसा.

पंचफुलेनं त्याचा चेहरा बघितला आणि घागर ठेवून थेट पायऱ्यांकडं निघाली. शेषेरावानं तिचा दंड धरला.

"उतरू नको."

"सोडा, दादा."

"उतरशील तर तूबी तिथंच बसशील. आधी इंजिन बंद पडू दे."

तिला जवळच्या दोघा माणसांच्या हवाली करून त्यानं तिचीच घागर उचलली आणि नेम धरून इंजिनावर ओतली. बायकांना कळलं. एकीनं ओतली, मग दुसरीनं. कितीतरी महिन्यांनी दारी आलेलं पाणी सगळ्या जणी परत विहिरीत ओतत होत्या. शेषेराव कान देऊन ऐकत होता. दोन वर्षं त्यानं एवढ्यासाठीच कान दिला होता, की कुठं अडखळू नये. आता एकदा, एकदाच अडखळावं म्हणून तो देवाला विनवत होता.

पण विहिरीच्या कपारी पाझरतात, थेंबानं इंजिन बंद पडायला नको, म्हणून त्यानं सकाळीच प्लगांवर आणि तारांवर मेणकापड घट्ट बांधलं होतं. पाणी वरून ओघळून जात होतं. इंजिन एका सुरात चालत होतं.