मेजावर आलेलं मस्तक

मी संगमरवरातली एक तरुणी बोलतेय. धड केव्हाच गेलं, मस्तक तेवढं उरलंय. इटलीतल्या तोर्रे आनुंझियाताच्या किनाऱ्यावर एका रोमन श्रीमंताच्या बागेत मी उभी होते. वेसुव्हियस फुटला आणि राखेने मला गाडलं. डोंगरावर माझा राग नाही. माझा राग एका माणसावर आहे.

त्याचं नाव एत्तोरे. आपल्या फुलांच्या काचघराखाली तो चोरून भुयार खणवायचा, जुन्या मूर्ती काढून विकायचा. खणायला होता सिल्वेस्त्रो. त्याने माझ्या गालावरची माती बोटाने पुसली आणि हळूच म्हणाला, "किती वाट बघितलीस गं पोरी!" मग गळ्यातला रुमाल सोडून मला त्यात गुंडाळलं आणि वर एत्तोरेच्या हाती दिलं.

तेवढ्यात भुयार खचलं. आतून सिल्वेस्त्रो हाका मारत होता. मला ऐकू येत होतं, एत्तोरेलाही. पण मदत बोलावली असती तर चोरी उघडी पडली असती. त्याने भुयाराच्या तोंडावर माती लोटली आणि वर कार्नेशनची रोपं लावली. सिल्वेस्त्रो जर्मनीला पळाला, असं गावभर त्यानेच पसरवलं.

सिल्वेस्त्रोची बहीण इम्माकोलाता हिला ते पटलं नाही. आईला न सांगता तो जाणारच नव्हता. ती एत्तोरेकडे स्वयंपाकाला राहिली आणि वर्षानुवर्षं मान खाली घालून त्याला वाढत राहिली.

एकदा ती तळघरात वाइन आणायला उतरली. मला विकायचा धीर एत्तोरेला झाला नव्हता. फळीवर मी रुमालातच होते. त्या रुमालाची शिवण तिच्या हातची होती. ती रुमाल उलगडून शिवण चाचपत राहिली. रडली मात्र नाही. मला परत गुंडाळून वर गेली आणि मासे तळायला घेतले.

एत्तोरेच्या नातीच्या बारशाला पाद्री आले होते, पोलीसप्रमुखही होते. इम्माकोलाताने झाकलेलं मोठं ताट आणून एत्तोरेपुढे ठेवलं आणि झाकण काढलं. ताटात मी होते, खाली तो रुमाल अंथरलेला.

"डॉन एत्तोरे, माझ्या भावाने पाठवलंय," ती म्हणाली. "जर्मनीहून."

एत्तोरेची भेदरलेली नजर ताटावरून थेट काचघराकडे गेली आणि पोलीसप्रमुखांनी ती हेरली. त्याची ती नजर मी अधाशासारखी पिऊन घेतली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कार्नेशन उपटली आणि सिल्वेस्त्रोला बाहेर काढलं.

एत्तोरे तुरुंगात म्हातारा झाला. माफीसाठी त्याने दोनदा निरोप धाडला. इम्माकोलाताने निरोप्याला दारातूनच परत लावलं.

मी आता संग्रहालयात काचेआड आहे. बघायला येणारे म्हणतात, किती क्षमाशील चेहरा आहे! हात जोडायला मला हात नाहीत, पण विनवते, तसं म्हणू नका. हा चेहरा शिल्पकाराने घडवला. आत काय आहे, ते त्याला विचारू नका, मला विचारा.