मलम लावायचे हातमोजे

आमच्या मांजरीने खाणे सोडले, म्हणून मी तिला नांदुऱ्याला ढोराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कानाच्या आत चोळायला भूक वाढवायचे मलम दिले, सोबत रबरी हातमोजे. मी ते सगळे माझ्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या, हाती सोपवले.

हातमोजे तिने ठेच्याच्या मिरच्यांसाठी ठेवले आणि मलम नुसत्या बोटाने लावू लागली.

मांजर खाऊ लागली. खाऊन झाले की माझ्या मागे फिरून ओरडायची. तेही मी सोसले. पण हळूहळू पुष्पाबाईलाही भूक लागू लागली. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खात आली होती. आता मी शेतातून येईपर्यंत तिचे जेवण उरकलेले असे, आणि उरलेले मला मिळे. आमच्या खानदानात असे कधी झाले नव्हते.

मी डॉक्टरांना गाठले. "मांजर बरी हाये. पण बायको माह्या आधी जेवून राह्यली."

ते हसले नाहीत. "मलम बोटातून अंगात जाते. त्यांना हातमोजे घालायला सांगा, भूक पहिल्यासारखी होईल."

घरी येऊन मी तिला शब्दन् शब्द सांगितला.

"म्हंजे हे मलमानं होऊन राह्यलं?" तिने विचारले.

"हाव."

तिने हातमोजे घातले, मिरच्या खुडल्या, ठेचा वाटला. मग हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातले, मांजरीला मांडीवर घेतले आणि बोटावर नेहमीपेक्षा जरा जास्तच मलम काढले.