बंपरच्या आतली पट्टी

ठकी दातांच्या कवळ्या बनवायची. शहरातले सहा-सात दंतवैद्य तिच्याकडे मापं पाठवायचे आणि ती घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर मेण, प्लास्टर आणि गुलाबी प्लास्टिक मांडून बसायची. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी वडिलांनी ठेवलेलं, आणि सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी त्यांच्याखेरीज कुणाची ते उच्चारायची टाप नव्हती. आपण मात्र तेच वापरू.

वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. अर्धं शहर त्यांची बोलणी खाऊन मग रस्त्यावर आलं होतं. त्यांची स्वतःची गाडी छत्तीस वर्षांची होती, फिकट पिवळी, लांब नाकाची. तिच्या स्टेअरिंगला त्यांनी कुठल्याही शिकाऊ माणसाला बोट लावू दिलं नव्हतं. जुन्या गाड्यांचे शौकीन येऊन तिचे फोटो काढायचे, विकणार का विचारायचे, आणि मास्तर त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे.

या गाडीचा पुढचा बंपर चार महिन्यांपूर्वी तडकला होता. म्हणजे बंपरवरचं प्लास्टिकचं कव्हर. मधोमध एक उभी चीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोचा. मास्तरांनी सांगितलं, वाचनालयाबाहेर गाडी उभी होती, कुणीतरी मागे घेताना ठोकली आणि पसार झाला. तेव्हापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. गाडी काढायची म्हटलं की गुडघे. वाचनालय बंद, जुन्या मित्रांकडे जाणं बंद. दिवसभर घरात बसून ते ठकीला गॅस बारीक कर, दार नीट लाव, असं काहीबाही सांगत राहायचे. ठकी मेटाकुटीला आली होती. एकदा गाडी धड झाली की हे बाहेर पडतील आणि आपलाही जीव सुटेल, असा तिचा हिशेब होता.

"गॅरेजला देऊ," ती म्हणाली.

"काही नको. चिकटपट्टी लावतो."

"छत्तीस वर्षं जपलेल्या गाडीला चिकटपट्टी?"

"माझी गाडी आहे."

शेवटी तिने पेंटरला गाठलं. गाड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. जुन्या गाड्यांसाठी नवी कव्हरं ओतून देणारा एक माणूस त्याने हुडकून काढला. पाच आठवड्यांनी माणसाच्या उंचीपेक्षा लांब खोकं आलं. मास्तरांनी ते ओलांडून जाताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ठकीला वाटलं, न विचारता मागवलं म्हणून फुरंगटलेत.

रविवारी सकाळी पेंटर आला. आधी कव्हर बसवून बघायचं, मापात आलं की मगच रंगाला न्यायचं, असं ठरलं होतं. ठकीने बॉनेट उघडलं. बारीक कामाची सवय असल्याने हात चालत होता. वरच्या कडेचे सहा स्क्रू निघाले. चाकांच्या कमानीतले दोन-दोन निघाले. खालचा एक बोल्ट मात्र इतका गंजला होता की पाना नुसता घसरत होता. पेंटरने त्यावर तेल सोडलं, दहा मिनिटं थांबला, मग अंगातला सगळा जोर लावला. बोल्ट करकरला आणि सुटला. इंडिकेटरच्या वायरी ठकीने हलक्या हाताने काढल्या. मग दोघांनी दोन टोकं धरली, बाहेरच्या बाजूला ओढली आणि कव्हर पुढे सरकवून खाली ठेवलं.

आतला फोमचा जाड थर मधोमध भुगा झालेला होता. पेंटरने तो उचलला. त्याच्यामागे गाडीच्या पूर्ण रुंदीची आडवी लोखंडी पट्टी होती. धक्का झेलते ती हीच. मध्यभागी ती चार बोटं आत गेली होती. खळगा गोल होता, उभा, गुळगुळीत. पेला बसावा असा.

पेंटर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"प्लास्टिक परत फुगून जागेवर येतं, ताई. लोखंड येत नाही."

"म्हणजे?"

"उभ्या गाडीला कुणी मागे घेताना ठोकलं तर धक्का पसरट बसतो. हा खांब आहे." त्याने हात पुसले. "आणि गाडी उभी नव्हती."

पेंटर उठला. कोपऱ्यावर जाऊन चहा घेऊन येतो म्हणाला. घरात चहा मिळाला असता हे त्यालाही माहीत होतं.

मास्तर स्वयंपाकघरात घड्याळाचा सेल बदलत होते. चांगला चालणारा सेल काढून दुसरा घालत होते. ठकी दारात उभी राहिली. हात ग्रीसने काळे, म्हणून कशाला टेकता येईना.

"बाबा, पट्टी वाकलीये."

ते घड्याळ पुसत राहिले.

"खांबाला लागली ना?"

"वाचनालयासमोरचा दिव्याचा खांब," मास्तर म्हणाले. घड्याळ त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं. "गाडी लावत होतो. ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उडाली, म्हणून आणखी दाबला. पाय ब्रेकवर नव्हताच."

"ॲक्सिलरेटरवर?"

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. गोंधळ झाला की आधी पाय उचल, मग विचार कर. मी उचललाच नाही. खांबाने थांबवलं."

"कुणाला लागलं?"

"नाही. पण एक बाई बाबागाडी घेऊन तिथूनच पुढे गेली होती. तिची पाठ दिसत होती मला."

ठकीने खुर्ची पायाने ओढली आणि बसली. पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. हा माणूस तिने पंधराव्या वर्षी सायकल वेडीवाकडी चालवली म्हणून आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता, आणि स्वतः मात्र चार महिने धडधडीत थाप मारून गुडघे चोळत बसला होता. ती तसं म्हणालीही. मास्तरांनी ऐकून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं हेच तिला जड गेलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"तेच." ते जरा थांबले. "समोर चपलांचं दुकान आहे. दुकानदार धावत आला. काय झालं मास्तर, म्हणाला. मी म्हटलं ब्रेक फेल झाले, जुनी गाडी आहे. तो म्हणाला, विका आता हे डबडं. आणि मी मान डोलावली."

ही शेवटची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बसला. खांबाची सांगताना बसला नव्हता.

ठकीच्या ध्यानात आलं, की गाडी दुरुस्त व्हायची त्यांना धास्ती होती. दुरुस्त झाली की चालवावी लागणार, नाहीतर न चालवण्याचं खरं कारण सांगावं लागणार. आणि आपण रोज उठून त्यांच्यामागे टुमणं लावलं होतं, बाहेर पडा, गाडी काढा. त्यांच्या काळजीपेक्षा स्वतःच्या सुटकेसाठीच जास्त. हे तिने त्यांना सांगितलं नाही. हात धुतले आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पेंटर परतला तेव्हा मास्तर स्वतः बाहेर आले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कामाचा जुना निळा शर्ट घातला होता. पेंटरसमोर उभे राहून त्यांनी जे घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं, हजेरी द्यावी तसं.

पेंटर म्हणाला, "ही पट्टी ठोकून सरळ करता येईल मास्तर, पण एकदा वाकलेलं लोखंड पुन्हा तेवढा मार खात नाही. दुसरी बघतो."

"दुसरीच बघ," मास्तर म्हणाले.

भंगारात गेलेल्या तशाच एका गाडीची पट्टी मिळायला बारा दिवस लागले. ती बसली, नवा फोम बसला, आणि मग कव्हर लावायला घेतलं तर नवंच लफडं. उजवीकडची भोकं तंतोतंत, डावीकडची गव्हाच्या दाण्याएवढी पुढे. पेंटर म्हणाला, ओढून बसवू, प्लास्टिक आहे, देतं तेवढं.

"ओढून बसवलेलं कधी ना कधी तडकतं," ठकी म्हणाली. "माझ्याकडे रोज तशाच कवळ्या परत येतात."

तिने आतून बारीक कानस आणली. भोक एका अंगाला जरासं घासायचं, कव्हर लावून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. कवळीत जीभ अडकते तिथे ती असंच करायची, केसाएवढं काढून डॉक्टरांकरवी पेशंटला विचारायचं. इथे विचारायला मास्तर होते. ते समोर स्टूल टाकून बसले होते, एक डोळा मिटून मडगार्ड आणि कव्हरमधली फट बघत.

"अजून."

तिने घासलं.

"अजून थोडं. थांब. आता मला दे."

ते खाली बसले. गुडघ्यांचं काही ऐकू आलं नाही. मधला बोल्ट त्यांनी बोटांनीच फिरवून लावला, मग त्याच्या अलीकडचा, पलीकडचा, असं करत टोकांपर्यंत गेले. सगळे हातानेच. पाना त्यांनी पेंटरलाही उचलू दिला नाही.

"सगळे आधी जागेवर येऊ देत," ते म्हणाले. "मग मधून कडेला आवळत जायचं. एकच आवळलास की बाकीचे रुसतात."

फट दोन्हीकडे सारखी आली. मग सगळं पुन्हा उतरवलं आणि पेंटर कव्हर रंगाला घेऊन गेला. चौथ्या दिवशी ते आणून चढवलं तेव्हा रंग गाडीपेक्षा एक छटा उजळ वाटत होता. पेंटर म्हणाला, उन्हात वर्षभराने एक होईल. मास्तर म्हणाले, नाही झाला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी किल्ली आणून ठकीच्या टेबलावर, मेणाच्या वड्यांशेजारी ठेवली.

"चपलांच्या दुकानात जायचंय."

ठकीकडे परवाना होता, पण मास्तरांकडे शिकून मिळवलेला नव्हे. त्यांच्यासोबत ती तीन दिवस टिकली होती, चौथ्या दिवशी त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन नाव घातलं होतं. ते शल्य त्यांनी सव्वीस वर्षं बाळगलं होतं. आता ते तिच्या शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मोठ्या कष्टाने गप्प राहिले.

"क्लच सोडलास की ढकललास?"

"बाबा."

वाचनालयासमोर तिने खांबापासून चांगली दोन गाड्यांची जागा सोडून गाडी लावली. मास्तर उतरून दुकानात गेले. काचेतून तिला दिसत होतं. दुकानदार काउंटरवरच्या खोक्यांत काहीतरी शोधत होता, मास्तर बोलायला लागल्यावर त्याने हात थांबवले. बोलणं लांबलं नाही. दुकानदाराने दारापर्यंत येऊन गाडीकडे नीट पाहिलं, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आत गेला.

"काय सांगितलंत?"

"ब्रेक ठणठणीत होते म्हटलं. चूक माझी."

"मग तो काय म्हणाला?"

"त्याच्या सासऱ्यांचं पण असंच झालं म्हणाला. तिथे भिंत होती." मास्तरांनी पट्टा ओढला. "आरसा बघ आधी. मग इंडिकेटर."

परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद पुढच्या महिन्यात आला. तो त्यांनी भरला नाही. मंगळवारी आणि शनिवारी ठकी त्यांना वाचनालयात सोडते, दोन तासांनी आणायला जाते, आणि जाता-येता दोघांचं गिअरवरून वाजतं. एकदा तर तिने भर रस्त्यात गाडी कडेला घेऊन त्यांना उतरून चालत या म्हणून सांगितलं. ते उतरले आणि चालत गेलेही. ती चौकातल्या फळांच्या गाडीपाशी थांबून राहिली. ते आले, बसले आणि म्हणाले, इथे थांबायला बंदी आहे.