मंद उजेडातील चाचणी

मुलीने जमिनीवर रेखलेला बाण ओलांडून पाऊल टाकले आणि पुढच्याच क्षणी तिचा खांदा स्पंजाच्या काळ्या खांबावर आदळला. खांब मऊ होता, त्यामुळे तिला लागले नाही. तिने तो दोन्ही हातांनी चाचपला, त्याला वळसा घातला आणि भलत्याच दिशेने ती शांतपणे चालू लागली.

कठड्याच्या अलीकडे तिचा बाप खुर्चीच्या कडेवर बसला होता. बोलायला मनाई होती, कारण आवाजाच्या अनुरोधाने मूल वाट काढते आणि चाचणी फसते. त्याने बोटांत बोटे घट्ट गुंतवली. शेजारी त्याची थोरली बहीण दोन्ही हात घडीच्या काठीच्या मुठीवर ठेवून बसली होती. जो दोष भाचीच्या दृष्टीत जन्मतःच उतरला होता, तोच तिच्याही वाट्याला आला होता. भाचीची पावले ऐकता ऐकता तिची मान किंचित कलली.

वर्षभरापूर्वी मुलीच्या एका डोळ्याच्या पडद्याखाली निरोगी जनुक सोडण्यात आले होते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी ते पेशींपर्यंत पोहोचते आणि पेशी पुनश्च प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागतात, एवढे बापाला समजले होते. दुसऱ्या डोळ्याचा निर्णय आजच्या चाचणीवर अवलंबून होता. भरपूर उजेडात मुलगी बिनचूक चालली होती. परंतु तेवढे तिला पूर्वीही जमत असे. खरी कसोटी होती ती या सांजवेळेसारख्या मंद उजेडाची.

बाणांनी दाखवलेल्या दाराऐवजी मुलगी भिंतीपाशी पोहोचली. चाचणी घेणाऱ्या संशोधिकेने दिवे लावले. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. निकाल चेहऱ्यावर न दाखवण्याची तिला सवय होती. ती मुलीसमोर गुडघे टेकून बसली.

"बाण दिसले नाहीत का गं?"

"नाही."

"एकही नाही?"

"डोळे मिटल्यावर कसे दिसतील?"

संशोधिका थबकली. चाचणीभर तिला छतावरच्या कॅमेऱ्यातून केवळ मुलीचा भांग दिसत होता.

"मिटलेस कशाला?"

"उजेड कमी झाला ना. आत्याने शिकवलंय. अंधारात डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे ते मधे मधे करत नाहीत. मग कानांना नीट काम करता येतं."

बापाने बहिणीकडे पाहिले. तिने दीर्घ निःश्वास टाकला.

"घ्या. आमच्या शिकवणीचा प्रताप."

"ताई, अगं, तू हे कधी शिकवलंस?"

"चालायला लागली तेव्हाच. तुम्ही डोळस माणसं, तुम्ही काय शिकवणार होतात तिला?" मग तिचा स्वर उतरला. "डॉक्टर, आता काय? गेली का संधी?"

"नाही हो. डोळे मिटून चालली असेल तर ही दृष्टीची चाचणी झालीच नाही. मांडणी बदलून पुन्हा घेता येते, नियमात बसतं ते." संशोधिका क्षणभर घुटमळली. "फक्त तिला तुम्ही सांगायला हवं. माझं ऐकेल असं वाटत नाही."

आत्याने काठी खुर्चीला टेकवून ठेवली. तिच्याही डोळ्यांची तपासणी याच इमारतीत झाली होती. औषध ज्यांनी स्वीकारावे त्या पेशीच तिच्या पडद्यात उरल्या नव्हत्या. त्या दिवशी तिने डॉक्टरांचे आभार मानले होते आणि घरी जाऊन नेहमीसारखी भाजी चिरली होती. अंधारात वावरण्याची विद्या मात्र तिची स्वतःची होती. ती तिने एकाच शिष्येला दिली होती.

"ठके, इकडे ये."

ठकी आली. आत्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि अंगठे तिच्या पापण्यांवरून हलकेच फिरवले.

"आता उजेड कमी झाला तरी डोळे उघडे ठेवायचे."

"पण तूच म्हणतेस ना..."

"म्हणत होते. ते माझ्या डोळ्यांपुरतं होतं. तुझा एक आता कामावर रुजू झालाय. त्याला नुसता बसवून ठेवू नकोस, कामाला लाव."

"आणि कानांनी काय करायचं?"

"त्यांनी तुझ्या बापाची कुरकुर ऐकायची."

ठकी खुदकन हसली.

मदतनिसांनी बाणांच्या फरश्या उचलून नव्याने रचल्या, खांब हलवले. उजेड पुन्हा मंदावला. मुलगी उंबरठ्याशी उभी राहिली. बराच वेळ ती हललीच नाही. मग चालू लागली. पहिल्या वळणावर ती वळली, आडव्या ठेवलेल्या ठोकळ्याशी थांबली आणि पाय उचलून पलीकडे गेली. दाराच्या अलीकडे ती एकाएकी वाट सोडून बाजूला झाली आणि खाली वाकली. संशोधिकेची लेखणी थांबली. मुलगी उठली, बाणावर परतली आणि तिने दार उघडले.

"वाकलीस का गं?" दिवे लागताच बापाने विचारले.

तिने मूठ उघडली. तळहातावर तिचीच निळी केसांची पिन होती. मघाशी ती खांबाला धडकली तेव्हा पिन पडली असावी. दिव्यांच्या लखलखाटात मांडणी बदलणाऱ्या कुणालाही ती दिसली नव्हती.

संशोधिकेने चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवू या," ती म्हणाली.

बाप कागदपत्रांसाठी आत थांबला. आत्या आणि भाची मार्गिकेत आल्या. संध्याकाळ झाली होती, दिवे अजून लागले नव्हते. घरी अशा वेळी आत्या पुढे होई आणि चप्पल फरशीवर मुद्दाम घासत चाले. त्या आवाजामागून भाची येई. 'ताई, फरशी झिजेल,' असे भाऊ रोज म्हणे.

सवयीने आत्या पुढे व्हायला निघाली. तेवढ्यात तिचा हात बाजूला सारून भाची पुढे गेली, आणि रिकाम्या मार्गिकेत बूट फरफटल्याचा आवाज येऊ लागला, सर्र, सर्र.

"पाय उचलून चाल गं," आत्या म्हणाली. "फरशी झिजेल."

"झिजू दे. तू ये मागून."

आत्या जागीच उभी राहिली. मग तिने काठी घडी करून काखेत धरली आणि आवाजामागोमाग चालू लागली.