अख्ख्या शेपटीची पाल

मी पाल बोलतेय. दचकलात ना? मीही दचकलेय. पाल दिसली की तुम्ही झाडू शोधता आणि माणूस दिसला की मी फट शोधते. भीतीच्या बाबतीत आपण एकाच माळेचे मणी आहोत.

पण मी तुमच्या दिव्यामागची पाल नव्हे हं. ती घरपाल, तिची बोटं चिकट. माझी बोटं वाकडी आणि नख्यांची. मी कातळावर सरसर चढते, पण गुळगुळीत काचेवर माझा निभाव लागत नाही. रंग तपकिरी, पाठीवर बारीक दाणे, आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, अगदी टोकापर्यंत. पुढचं सगळं रामायण या पट्ट्यांवरून घडलं.

माझा जन्म दूर यांगोनच्या देशातल्या टाऊंगफ्यू डोंगरातला. भाताच्या खाचरांमधून तो एकटाच वर आलाय, पांढऱ्या चुनखडीचा. त्याच्या पोटात गुहा आहे, गुहेत निजलेल्या बुद्धाची मूर्ती, आणि मूर्तीच्या पाठीमागे एक फट. त्या फटीत आईने दोन अंडी घातली आणि ती निघून गेली. आमच्यात आईपण एवढंच असतं.

दुसऱ्या अंड्यातला माझा भाऊ माझ्याआधी बाहेर पडला. मोठा हौशी होता. फटीच्या तोंडाशी गेला आणि तिथेच कवड्या सापाने त्याला उचललं. मी मागून बघत होते. भूक लागेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि भूक लागल्यावरही बराच वेळ हलले नाही.

तेव्हापासून मी सगळ्याला भ्यायला शिकले. सापाला, वटवाघळांना, पिंपळावरच्या त्या थोराड पालीला, जी आमच्याच कुळातली असून आम्हालाच खाते. इतर पाली माझी चेष्टा करायच्या. त्या बाहेरच्या कड्यावर जायच्या, मोठाले किडे खायच्या, आणि साप अंगावर आला की शेपूट टाकून पळायच्या. शेपूट तिथे वळवळत राहते, साप तिच्याकडे बघत राहतो, तेवढ्यात पाल पसार. शेपूट पुन्हा उगवते म्हणा, पण ती नुसती करडी, आखूड, बिनपट्ट्यांची. आमच्या डोंगरातल्या सगळ्या धीट पाली अशा थोट्या होत्या. माझी तेवढी अख्खी होती, कारण मी फटीपासून लांब कधी गेलेच नाही.

गुहेची झाडलोट सयाले खेमाचारी करायच्या. सयाले म्हणजे भिक्षुणी. डोक्याचा गोटा, अंगावर गुलाबी वस्त्र, आणि बोलणं असं की भाविकसुद्धा जरा जपून असायचे. नारळ-केळी घेऊन येणाऱ्यांना म्हणायच्या, “बुद्धाला केळी दिलीत, आता सासूलाही एखादं द्या.” रोज सकाळी त्या मूर्तीमागे खराटा घालायच्या आणि मी रोज धडपडत फटीत शिरायचे.

एकदा खराटा थांबवून त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “ए भित्री भागूबाई, कशाला एवढी पळतेस? मी तुला खाणार आहे का? अगं, दुपारनंतर मी भातसुद्धा खात नाही.”

त्या दिवसापासून माझं नाव भागूबाई पडलं. मला ते आवडायचं. नावाने हाक मारणारं दुसरं कोण होतं मला?

मग सुरुंग सुरू झाले. पलीकडच्या अंगाने डोंगर फोडून दगड सिमेंटच्या भट्टीकडे न्यायचे. रोज भर दुपारी आधी भोंगा वाजायचा, मग शांतता, आणि मग तो धमाका. मूर्तीपुढच्या मेणबत्त्या आडव्या व्हायच्या. सयाले काही न बोलता त्या उभ्या करायच्या. सुरुवातीला धमाका लांबून यायचा, पण पुढे पुढे तो जवळ यायला लागला. भोंग्याची चाहूल लागली की मी अंग चोरून फटीत पडून राहायचे. त्याच सुमाराला मी अंडी घातली होती, दोन, माझ्या आईच्याच फटीत. आमच्यात अंड्यांजवळ कुणी थांबत नाही. मी थांबले, कारण मला दुसरीकडे जायची भीती वाटत होती.

अशातच ती दोघं आली. यीन न्वे ही विद्यापीठातली मुलगी, गालांवर थनाखाचा, म्हणजे उगाळलेल्या झाडाच्या सालीचा लेप, पाठीवर पिशवी. आणि तिचे म्हातारे गुरुजी, ऊ ल्विन, तोंडात कायम पान. पाली ओळखणं, त्यांच्या जाती लावणं, हा त्यांचा उद्योग. कोणाचा कशात जीव रमेल सांगता येत नाही.

यीन न्वे आधी एकदा दर्शनाला येऊन गेली होती. तेव्हा मी नेहमीप्रमाणे मूर्तीमागे लपले, पण घाईत डोकं आत गेलं आणि शेपूट बाहेर राहिली. तेवढं तिने बघितलं, आणि ते पट्टे तिच्या डोक्यातून गेले नाहीत.

“सया,” ती म्हणाली (आमच्याकडे गुरुजींना सया म्हणतात), “तुम्ही इथली पाल आणि शेजारच्या टाऊंगनी डोंगरातली पाल एकच जात म्हणून लावलीत. टाऊंगनीच्या पालीला पट्टे नाहीत.”

“मला मिळाली तिलाही नव्हते,” गुरुजी पायरीवर बसत म्हणाले. “थोटी होती. उगवलेली शेपूट. स्पिरिटमध्ये टाकल्यावर अंगाचा रंगही गेला. मी काय तिला शेपूट शिवून देणार होतो?”

“तेवढ्यावरून खाणवाल्यांना सांगितलं गेलं, की या डोंगरात वेगळं काही नाही. खुशाल फोडा.”

गुरुजी पान चघळायचे थांबले. “चुकलो. म्हणून तर हे गुडघे घेऊन एवढ्या पायऱ्या चढलो ना.”

मी फटीतून ऐकत होते. आमच्या अख्ख्या कुळाची जात एका थोट्या शेपटीवरून ठरली होती, आणि त्यावरून आमचं मरणही. सयाले जवळच फुलं बदलत होत्या. यीन न्वेने त्यांना सगळं उलगडून सांगितलं: ही पाल जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे दाखवता आलं तर डोंगर वाचायची आशा आहे. नाहीतर या महिन्यात गुहेच्या बाजूचा कडा उडवणार.

“मग दाखवा की,” सयाले म्हणाल्या. “पकडा, मोजा, फोटो काढा आणि सोडून द्या.”

“फोटोवर भागत नाही, सयाले. नवीन जातीला नाव द्यायचं तर एक देह जपून ठेवावा लागतो. उद्या कोणी म्हणालं, ही तर जुनीच, तर त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी हवं. शेपटीसकट हवं.”

“म्हणजे मारणार.”

“एकच.”

“पोरी, इथे मी डाससुद्धा मारू देत नाही.”

“एका जिवाने डोंगरातले सगळे जीव वाचत असतील तरी?”

सयालेंनी फुलांचे देठ नीट केले. मग म्हणाल्या, “तो हिशोब तुझा तू कर. माझ्या तोंडून मारा असं निघायचं नाही. गुहेची हद्द त्या शेवटच्या पायरीपर्यंत. तिच्या आत कुणाला हात लावायचा नाही. पायरीबाहेरचं मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे.”

गुरुजी हळूच हसले. “मोतीबिंदू बरा समजूतदार आहे.”

“तुमच्या गुडघ्यांपेक्षा बरा,” सयाले म्हणाल्या.

झालं. ती दोघं पायरीबाहेर दबा धरून बसली. संध्याकाळ झाली की बाहेरच्या कड्यावर पाली निघायच्या, यीन न्वे एकेक अलगद पकडायची आणि मला तिचा आवाज ऐकू यायचा. “पुन्हा थोटी, सया.” मग गुरुजी म्हणायचे, “सोड.” बाहेर जाणाऱ्या सगळ्या धीट, आणि धीट त्या सगळ्या थोट्या. मी आत मनाशी म्हणाले, भागूबाई, जन्मभर भ्यालीस त्याचं चीज झालं. पण एवढ्या डोंगरात अख्खी शेपूट माझ्याकडेच होती आणि बाहेर तिचीच वाट बघत होते. कडा उडाला तर मी, फट आणि अंडी सगळं एकदम जाणार होतं. बाहेर गेले तर मी जाणार होते. म्हणतात ना, इकडे आड तिकडे विहीर. मी आडात बसून राहिले.

त्या दुपारी भोंगा झाला आणि मी अंग चोरलं. धमाका असा झाला की माझ्या पोटाखालचा कातळ हलला. फटीच्या तोंडातून दगड ढासळले, धुळीने डोळे भरले, श्वास कोंडला. आता खरं सांगते. मला अंडी आठवली नाहीत. डोंगर आठवला नाही. मी पळाले. मूर्तीच्या खांद्यावरून, मेणबत्त्यांमधून, पायऱ्यांवरून, सरळ उजेडात. जन्मात कधी ओलांडली नव्हती ती शेवटची पायरी मी ओलांडली आणि थेट यीन न्वेच्या पायाशी जाऊन पडले.

तिने मला कमरेपाशी धरलं. तुम्ही म्हणाल, शेपूट टाकून पळायचं. तेच तर! आमच्यात कालचं पिल्लूसुद्धा ते करतं. पण मी कधी केलंच नव्हतं, आणि त्या क्षणी माझं सगळं अंग ताठरलं. डोंगरासाठी शेपूट राखली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी घाबरून ती टाकायची विसरले.

“सया,” ती म्हणाली, “अख्खी आहे.” तिच्या आवाजात आनंद नव्हता.

कापडी पिशवीत मला ठेवलं. आत अंधार होता, म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग सयालेंची पावलं ऐकू आली. त्या कधी त्या पायरीबाहेर यायच्या नाहीत. आल्या, आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडून आत बघितलं.

“अगं, ही तर आमची भागूबाई.”

यीन न्वेने पिशवी त्यांच्या हातात दिली. “तुम्ही सोडा म्हणालात तर सोडते, सयाले. ही आतली आहे. मला माहीत आहे.”

मी सयालेंच्या हाताची ऊब कापडातून ओळखली. वाटलं, सुटले. आता त्या मला मूर्तीमागे नेऊन सोडतील, उद्या सकाळी खराटा येईल, मी धडपडेन, त्या हसतील. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नको होतं. डोंगराचं पुढे काय व्हायचं ते होवो.

सयालेंनी मागे वळून गुहेकडे बघितलं. गुहेतून अजून धूळ बाहेर येत होती.

“तिला दुखेल?” त्यांनी विचारलं.

“नाही. झोप लागेल.”

“नीट कर मग.” त्यांनी पिशवी परत दिली. म्हणाल्या, “याचं पाप मला लागेल. लागू दे.”

“सयाले, या जातीला मी तुमचं नाव देते,” यीन न्वे रडत म्हणाली.

“माझं नको. डोंगराचं दे. त्याच्या नावाचा जीव आहे म्हटल्यावर फोडणाऱ्यांना जरा तरी लाज वाटेल.”

“लाज असती तर सुरुंग कशाला लावले असते,” गुरुजी पुटपुटले. मग सयालेंनी तांब्यातलं पाणी थेंब थेंब जमिनीवर सोडत जाणाऱ्या जिवाला पुण्य देण्याचे मंत्र म्हटले. माझ्यासाठी कुणी केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर एक थंडगार वास आला, आणि मी खूप भ्याले, आणि मग भीतीही विरत गेली.

भीती कायमची गेली असती तर बरं झालं असतं. पण नाही. आता मी यांगोनमधल्या एका इमारतीत, कपाटात, बरणीत आहे. स्पिरिटमध्ये अंग फिकं झालं, पण पट्टे पुसटसे टिकलेत. पायाला लाल चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर टाऊंगफ्यूचं नाव आहे. परदेशातूनही लोक येतात. मला बाहेर काढतात, खवले मोजतात, पट्टे मोजतात, आणि म्हणतात, “हीच ती. हिच्यावरून जात ठरली.” डोंगरातली सगळ्यात भित्री पाल, आणि आता साऱ्या जातीची ओळख माझ्यावरून! कुणी हसतही नाही. आणि डोंगराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

यीन न्वे एकदा आली होती. एकटीच. बरणी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. ती बोलली नाही. तिच्या चपलांना पांढरी धूळ लागली होती. ती पायऱ्यांची होती की सुरुंगाची, ते मला कळलं नाही. बरणी जागेवर ठेवून ती गेली, आणि तेव्हापासून माझ्या मनात नको नको ते येतं. बातमी चांगली असती तर तिने सांगितली नसती का? का मेलेल्या पालीशी कोण बोलतं, म्हणून गप्प राहिली?

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर माझं एवढं काम करा. खाचरांपलीकडे बघा, पांढरा डोंगर उभा आहे का. असला तर मूर्तीमागे फार जवळ जाऊ नका, तिथलं कुणी घाबरेल. नुसतं दुरून बघा आणि मला येऊन सांगा.

नसला, तर येऊ नका. भ्यायची मला सवय आहे. मी अशीच भीत राहीन.