पाठ झालेली नजर

"दमच नाही लेकाच्या या बल्बात," बाबा चष्म्याची काडी चाचपत पुटपुटले.

शेजारी स्क्रू आवळत बसलेल्या धाकटीने मान वर केली नाही. बल्ब तिनेच कालच बदलला होता. इतका लख्ख, की समोरचा घड्याळजी म्हणाला होता, "चष्मे विकताय की गिऱ्हाइकांचे डोळे घालवताय?"

पुढे चष्म्यांचं दुकान, मागे घर. मधल्या बोळात, भिंतीवर कमरेच्या उंचीला एक करडी रेघ उमटायची. बोटांची. आई रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची आणि कुणी विचारायच्या आतच म्हणायची, "धूळ तरी किती येते बाई!" दिवेलागणीला बोळातून भिंतीवर बोटं घासत गेल्याचा आवाज आला, की धाकटीच्या अंगावर काटा यायचा. जणू बाबांच्या चपला घालून घरात दुसरंच कुणी वावरत होतं. खुर्ची इंचभर हलवायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी मात्र बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐटीत बसत. समोर अक्षरांचा तक्ता. म, त, र, प... थेट तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा. आईचा चेहरा खुलायचा. "बघ! नजर कशी तरण्याताठ्या पोराची. माणसाने आशा सोडू नये." झालं, पुढे आठवडाभर डॉक्टरचं नाव नाही.

बाबांनी जन्मभर लोकांकडून जो वाचून घेतला, तोच हा तक्ता. धाकटीला ते कळत होतं, तरी तीही मान डोलवायची. आशा म्हणतात ती हीच असेल, तर तिने धाकटीची झोप का उडवावी? 'लवकर दाखवा, उरलेली नजर वाचते, गेलेली परत येत नाही,' असं ती गिऱ्हाइकांना बजावायची. बाबांसाठी मात्र नुसता बल्ब बदलायची.

या रविवारी तिने नवा तक्ता लावला. सगळ्यात वर, तळहाताएवढा ग.

"हं, वाचा बाबा."

"म," बाबा ठसक्यात म्हणाले. "त, र. प, ल, न..." कुठे अडखळणं नाही. नव्या तक्त्यावरच्या ओळी संपल्या, तरी बाबा वाचतच होते.

"सगळं बरोबर ना गं?" बाबांनी विचारलं.

'हो' धाकटीच्या ओठांवर आलंच होतं. तिने आईकडे पाहिलं. आई तक्त्याकडे बघत होती, एकेक अक्षर लावून पाहावं तसे तिचे ओठ हलत होते. मग ती उठली, खुर्चीला वळसा घालून बाबांच्या उजव्या अंगाला येऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, तुम्हाला दिसत नाही. डाव्याने तर काहीच नाही. उजव्यात थोडं उरलंय, तेवढं हवंय मला. उद्या डॉक्टरकडे जायचं."