रिपोर्ट वाटपाचा कार्यक्रम

सारजाबाईचा ताप वेळ पाळून यायचा. सकाळी अंग हलकं असायचं. ती शेणघाण काढायची, जनावरांना टँकरचं पाणी दाखवायची, वैरणीच्या रांगेत उभी राहायची. उन्हं कलली की पाठीतून शहारा निघायचा आणि गोधडी ओढून बसावं लागायचं. बाहेर फुफाटा पेटलेला आणि ही बाई गोधडीत, म्हणून छावणीतली माणसं आधी हसली. मग हसायची थांबली. ताप उतरताना इतका घाम यायचा की लुगडं पिळून काढावं, आणि दर खेपेला कंबर आधीपेक्षा जड व्हायची.

त्या साली चकलांब्याच्या शिवारात हिरवं काही उरलं नव्हतं. तलवाड्याच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली, तेव्हा सारजाबाई आणि तिचा नवरा तात्याबा चार गाया घेऊन तिथंच राहायला आले. पोरगा पुण्याकडं कामाला गेलेला. सून चतुरा पोटुशी होती. तिला घरी एकटी कुठं ठेवायची म्हणून तिलाही सोबत आणली. हिरव्या जाळीच्या सावलीत एका अंगाला गाया आणि दुसऱ्या अंगाला चूल, असा संसार.

छावणीत आल्या आल्या मोरणी गाय गाभडली. सातव्या महिन्यातलं वासरू मेलेलं पडलं, वार अडकली. जनावरांचा डॉक्टर यायची वाट बघत बसली असती तर गाय गेली असती, म्हणून सारजाबाईनं स्वतःच्या हातानं वार ओढून काढली. ताप सुरू झाला तो त्याच्या काही आठवड्यांनी. दोन्हींचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या, म्हणाला, "टायफॉईड दिसतोय." गोळ्या संपल्या, ताप संपला नाही.

अशात संस्थेनं छावणीत मोफत आरोग्य तपासणी ठेवली. मांडव घातला, बीडहून एक डॉक्टर आला, लॅबची माणसं आली. डॉक्टर चांगला होता. त्यानं सारजाबाईला नीट विचारलं, कंबर दाबून बघितली, गाय गाभडल्याचंही ऐकून घेतलं. मग लॅबवाल्याला एक जादा तपासणी लिहून दिली आणि म्हणाला, "मावशी, मला एक शंका आहे. रक्तात कळेल. आठ दिवसांनी संस्थेच्या ऑफिसातून रिपोर्ट घ्या आणि सरकारी दवाखान्यात दाखवा. टाळू नका."

तिनं टाळलं नाही. आठ दिवसांनी ती तलवाड्याला संस्थेच्या ऑफिसात हजर झाली.

तिथला कारकून बिभीषण तिच्याच भावकीतल्या बाईचा जावई. त्यानं पाणी दिलं, बसा म्हणाला.

"रिपोर्ट आलेत मावशी. परवाच आले. त्या कपाटात हायत."

"मग दे की."

"आत्ता देता येनार न्हाई. वाटपाचा कार्यक्रम हाय. अध्यक्षांच्या हातून द्यायचेत सगळ्यांना."

"कवा हाय कार्यक्रम?"

बिभीषण कपाळ खाजवत राहिला. "व्हता येत्या सोमवारी. पन इलेक्शन लागलं. आचारसंहिता हाय, आता कार्यक्रम करता येत न्हाई. इलेक्शन झाल्यावर."

सारजाबाईला आधी वाटलं, आपल्याला नीट समजलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. बिभीषणानं पुन्हा तेच सांगितलं. कपाट त्याच्या पाठीमागं होतं, लोखंडी, किल्ली त्याच्या टेबलावर.

"आरं, कार्यक्रम तुमचा हाय. ताप माजा हाय. माजा एकटीचा कागद काड आन दे."

"गठ्ठा शिलबंद हाय मावशी. फोडला आन आप्पांला कळालं तर माजी नोकरी जाईल. तुमीच आप्पांशी बोला ना."

आप्पा म्हणजे आप्पाराव, संस्थेचे अध्यक्ष. ते प्रचारात होते. फोन लागायचा नाही, लागला तर दुसराच कुणीतरी उचलायचा आणि "साहेब मीटिंगमदी हायत" म्हणायचा.

सारजाबाई गेवराईच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोणती तपासणी केली होती?"

"ते म्या कसं सांगू? त्येंनी लिवून दिलं, यांनी रगात काडलं."

"माझा अंदाज आहे काय असेल त्याचा. पण त्याची औषधं महिना दीड महिना घ्यावी लागतात, जड असतात. अंदाजावर नाही देता येत. आणि ती तपासणी आमच्याकडं होत नाही. झालेली आहे ना? मग तो रिपोर्टच आणा. एक कागद तर आणायचाय."

एक कागद तर आणायचाय. एसटीत बसल्यावरही ते वाक्य तिच्या कानात वाजत राहिलं.

मग ती बीडला लॅबमध्ये गेली. चतुरानं डबा बांधून दिला, तात्याबानं "कशाला यवड्या उन्हाचं" म्हणून तोंड वाकडं केलं, तरी गेली. लॅब थंडगार होती. काचेमागं एक पोरगी कॉम्प्युटरवर बसलेली. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पडद्याकडं बघून मान हलवली.

"आहे. सारजाबाई तात्याबा. रिपोर्ट तयार आहे."

सारजाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं हात पुढं केला.

"पण हा कॅम्पचा आहे मावशी. संस्थेच्या खात्यावर आहे. आम्ही संस्थेलाच देतो, पेशंटला नाही."

"बाई, नाव माजं हाय ना त्याच्यावर?"

"नाव तुमचंच आहे."

"मग नुस्तं वाचून सांग. कागद नको मला."

पोरगीनं इकडंतिकडं बघितलं. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "मला सांगायचा अधिकार नाही. संस्थेचं पत्र आणा, लगेच काढून देते."

पडदा तिकडच्या बाजूला वळलेला होता. सारजाबाईनं काचेवर हात टेकून वाकून बघितलं. कोपऱ्यातला निळसर उजेड तेवढा दिसला. आत काय लिहिलंय ते वाचता आलं असतं असंही नाही, तरी ती बघत राहिली. मागच्या माणसानं "चला बाई, सरका" म्हटलं तेव्हा सरकली. परतीच्या एसटीत ताप भरला. गोधडी नव्हती. शेजारच्या बाईनं आपली शाल तिच्या अंगावर टाकली आणि स्वतः खिडकीकडं सरकून बसली. साथीचं काही असेल, असं तिला वाटलं असावं.

पत्रासाठी पुन्हा तलवाडा. बिभीषण म्हणाला, पत्रावर अध्यक्षांची सही लागते.

चैत्र सरला. मतदान झालं, पण निकाल लांब होता आणि आचारसंहिता तशीच. एवढ्यात आप्पाराव छावणी बघायला आले. पांढरी गाडी, मागं दोन गाड्या. गव्हाणीत किती ऊस पडतो ते त्यांनी वाकून बघितलं, एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. सारजाबाई कमरेवर हात देत पुढं आली.

"आप्पा, माजा तपासनीचा कागद तेवडा द्यायला लावा. लई दिस झाले."

"अगं सारजाबाई, ते सगळं मोफत केलंय संस्थेनं. बाहेर दोन-तीन हजार घेतले असते तुझ्याकडनं."

"उपकार झाले. पन कागद?"

"मिळंल की. कुठं पळून चाललाय का कागद? बिभीषणला सांगतो."

ते गाडीत बसले. बिभीषणाला त्यांनी सांगितलं की नाही कोण जाणे; दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला तर तो म्हणाला, "मला तर काय बोलले न्हाईत."

त्या दिवशी सारजाबाई पहिल्यांदा रडली. तापानं नाही, चिडून. मोरणीच्या मागं बसून रडली आणि डोळे पुसून चुलीकडं आली. चतुरा भाकरी थापत होती.

"आत्याबाई, सुंदरमावशीचं ऐकलं का," चतुरा हळूच म्हणाली. "धुळाजीमामाच्या पायाचं बोट कापलं बीडला. शुगर निगाली. जखम चिगळली व्हती, कळालंच न्हाई म्हने."

धुळाजी आणि सुंदरबाई पलीकडच्या रांगेत राहायचे. धुळाजीनंही त्याच मांडवात, सारजाबाईच्या पुढंच उभं राहून रक्त दिलं होतं. तिला ते लख्ख आठवलं. सुई बघून त्यानं तोंड फिरवलं होतं.

म्हणजे त्याचाही कागद त्याच कपाटात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध गोळा करायला संस्थेची गाडी आली. बाया चरव्या घेऊन आल्या. सारजाबाई रिकाम्या हातानं आली आणि गाडीपाशी उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, चढवलाही नाही.

"माजं दूध आजपून बंद. कागद मिळंस्तोवर."

शेजारच्या दावणीची विमलबाई म्हणाली, "आन वैरन बंद केली तर? छावनी त्येंचीच हाय."

"छावनी सरकारच्या पैशावर हाय. आन संस्था कुनाची? माज्या सासूच्या नावचा शेर हाय त्याच्यात, तुज्याबी घरचा आसंल. दूध आपलं, संस्था आपली, रगात बी आपलंच. मग कागद तेवडा त्येंचा कावून?"

तरी विमलबाईनं दूध घातलं. बहुतेकींनी घातलं, दुष्काळात दुधाचाच काय तो आधार. सुंदरबाई मात्र चरवी घेऊन परत फिरली, तिच्यामागं आणखी दोघीतिघी. तात्याबा दिवसभर वैरणीच्या वाटेकडं डोळे लावून बसला. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "आपल्यामुळं जनावरं उपाशी मरतेल." त्याचं भय खोटं नव्हतं. रात्रंदिवस तेच तिच्याही पोटात होतं. दूध वासरांना पाजलं, उरलेलं विरजून टाकलं.

दोन दिवसांनी विमलबाईनंही चरवी आणली नाही. सारजाबाईनं विचारलं तर म्हणाली, "माज्या पोरीचंबी रगात दिलतं. झोपच लागंना." मग एकीचं बघून दुसरी. गाडी अर्ध्या कॅननं परत जायला लागली. वैरण एक दिवस उशिरा आली, तेव्हा सगळ्या छावणीनं सारजाबाईकडं बघितलं. ती खाली मान घालून शेण भरत राहिली.

त्याच आठवड्यात आप्पाराव आले. मागं बिभीषण, त्याच्या हातात गठ्ठा.

"अगं, एवढ्याशा गोष्टीचं केवढं केलं तुम्ही," आप्पाराव हसत म्हणाले. "आधीच सांगायचं ना मला."

सारजाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. बोलण्यासारखं खूप होतं. पण गठ्ठा अजून बिभीषणाच्या हातात होता.

मांडव नव्हता, हार नव्हते. तरी आप्पारावांसोबतच्या एकानं मोबाईल काढला आणि प्रत्येक पाकिटाला फोटो घेतला. "आठवन म्हनून, कुटं टाकनार न्हाई," तो म्हणाला. नावं पुकारली जात होती. धुळाजीचं नाव आलं, तेव्हा सुंदरबाई पुढं आली. आप्पारावांनी पाकीट पुढं केलं, मोबाईलवाला म्हणाला, "मावशी, हिकडं बगा जरा." सुंदरबाईनं तिकडं बघितलं नाही. पाकीट घेतलं, तिथंच फोडलं आणि शेजारच्या शिकलेल्या पोरीला वाचायला दिलं. पोरीनं वाचलं, आणि सुंदरबाई एकच वाक्य बोलली, "आमाला आता ठावं हाय." मोबाईलवाल्यानं हात खाली घेतला. त्यानंतर त्यानं फोटो काढले नाहीत.

सारजाबाई त्याच दुपारी गेवराईला गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला, वाचला आणि मान डोलावली.

"माझा अंदाज बरोबर होता. जनावरांपासून येणारा ताप आहे हा. ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय गाभडली तेव्हा उघड्या हातानं वार काढलीत ना, तिथून आला. औषधानं बरा होतो." मग त्यांची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली आणि कपाळाला आठी पडली. "अहो, हा तर फाल्गुनातला रिपोर्ट आहे. एवढे दिवस काय केलंत? आता कमरेच्या सांध्यात गेलंय ते. तुम्ही लोक ना, अंगावर काढता सगळं."

सारजाबाईनं तोंड उघडलं. तलवाडा, बीड, काचेमागची पोरगी, आप्पाराव, वासरांना पाजलेलं दूध, सगळं एकदम ओठांवर आलं. बाहेर बाकावर रांग लागलेली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायला घेतलीसुद्धा.

"आनायला उशीर झाला," ती म्हणाली.

औषधं जड होती. पोटात ढवळायचं, लघवी तांबडी व्हायची, पण पंधरवड्यात ताप थांबला. कमरेचं दुखणं मात्र राहिलं. वाकून उठताना तिला खुंट्याचा आधार लागायचा. मोरणीला वेगळं बांधलं. दूध उकळल्याशिवाय चहातसुद्धा घालायचं नाही, असं तिनं रांगेतल्या प्रत्येक चुलीपाशी जाऊन सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी "आमी बापजन्मात असंच पितोत" म्हणालं.

डॉक्टरीणबाईंनी चतुराचीही तपासणी करा म्हणून सांगितलं होतं. पोटुशी बाईला हा ताप वाईट. सारजाबाईनं तिला संस्थेकडं नेलं नाही. कानातली फुलं मोडली आणि तिला घेऊन थेट बीडला त्याच लॅबमध्ये गेली. काचेमागं तीच पोरगी होती. तिनं ओळखलं, आणि जरा ओशाळली.

"रक्त दिलं की घरी जा मावशी. संध्याकाळी मोबाईलवर पाठवते रिपोर्ट."

"आमी बसतो," सारजाबाई म्हणाली.

"चार तास लागतील."

"लागू दे."

दोघी भिंतीलगतच्या बाकड्यावर बसल्या. चतुरानं भाकरी सोडली. सारजाबाईनं खाल्ली नाही, तिचं लक्ष काचेकडं होतं. दुपार टळून गेल्यावर पोरगी स्वतः उठून बाहेर आली. कागद तिनं चतुराच्या हातात दिला आणि सारजाबाईकडं बघत म्हणाली, "काही नाही निघालं. स्वच्छ आहे."

सारजाबाईनं कागद सुनेच्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत तिच्याच हातात दिला.

"नीट ठिव," ती म्हणाली. "तुजा हाय."